फोन टॅप झालाय, की नुसता सीडीआर काढलाय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी क्लास चालवतात. त्यांच्या चुलत भावावर ऑनलाइन फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. पोलीस ठाण्यातून फोन आला, "सर, जरा येऊन जा, दहा मिनिटांचं काम आहे." हे गेले. तिथे त्यांचा मोबाईल मागून घेतला, लॉक उघडायला लावलं, पाऊण तास व्हॉट्सॲप आणि गॅलरी चाळली आणि मोबाईल तीन दिवस ठेवून घेतला. कागद काहीच दिला नाही. परत देताना हवालदार म्हणाले, "अठरा तारखेला रात्री साडेअकराला भावाशी सात मिनिटं बोललात ना? मग काही माहीत नाही कसं म्हणता?" तेव्हापासून यांची झोप उडाली आहे. विचारतात, माझा फोन टॅप होतोय का? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं वाचलं होतं, मग हे चालतं कसं? माहितीच्या अधिकारात विचारून पाहू का?

मी २२ वर्षं जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते. बहुतेक वेळ आरोपीच्या बाजूने, अधूनमधून फिर्यादीच्याही. तुमची केस मी पाहिलेली नाही, तुमचे कागद माझ्यासमोर नाहीत, त्यामुळे पुढचं सगळं तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरच.

टॅपिंग झालंय असं मला वाटत नाही. कारण हवालदारांच्या बोलण्यातच आहे. त्यांनी तारीख, वेळ आणि मिनिटं सांगितली. ज्याने संभाषण ऐकलेलं असतं तो मिनिटं सांगत नाही, वाक्यं सांगतो. "तू त्याला म्हणालास ना, पैसे आईच्या खात्यावर टाक," असं कुणी तोंडावर फेकलं असतं तर मी वेगळं उत्तर लिहिलं असतं.

आता मला तुमच्याकडूनच एक गोष्ट हवी आहे. अठरा तारखेचा तो कॉल साधा होता की व्हॉट्सॲपवरचा? साधा असेल तर तो सीडीआरमध्ये, म्हणजे मोबाईल कंपनीकडच्या कॉलच्या नोंदींत, दिसतो. व्हॉट्सॲपवरचा असेल तर सीडीआरमध्ये तो असा सरळ 'भावाला कॉल, सात मिनिटं' म्हणून येत नाही. मग ती माहिती त्यांना तुमच्याच मोबाईलमधल्या कॉलच्या यादीतून मिळाली, जो तुम्ही स्वतः अंगठा लावून उघडून दिला होतात. माझ्या अनुभवात दहातल्या आठ 'टॅपिंग'चा उगम या दोनपैकी एका जागी निघतो.

सीडीआर म्हणजे काय ते एकदा नीट समजून घ्या, कारण लोकांना वाटतं त्यापेक्षा तो साधा असतो आणि वाटतं त्यापेक्षा जास्त बोलतो. मोबाईल कंपनीकडून ईमेलने येणारा तो एक एक्सेलचा तक्ता असतो. आपला नंबर, समोरचा नंबर, कॉल आला की केला, तारीख, वेळ, किती सेकंद, कॉल सुरू होताना कुठला टॉवर, संपताना कुठला, हँडसेटचा आयएमईआय, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक. आवाज नाही, मजकूर नाही. पण वर्षभराचा तक्ता समोर घेऊन बसलं की माणूस दर गुरुवारी दुपारी कुठल्या दवाखान्यात फोन करतो, रात्री एक वाजता कुणाशी बोलतो, कुणाशी बोलणं अचानक बंद झालं, हे सगळं शाई न लावता छापलेलं दिसतं. मी स्वतः आरोपींचे सीडीआर रंगीत पेनांनी खुणा करत वाचते. तिसऱ्या पानानंतर मला त्या माणसाच्या घरातल्या अशा गोष्टी कळलेल्या असतात ज्या त्याने मला, म्हणजे त्याच्या वकिलालाही, सांगितलेल्या नसतात.

आणि हा तक्ता मिळवायला न्यायाधीशाची सही लागत नाही. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ९१ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९४ आहे. त्याखाली तपासी अंमलदार मागणी करतो, ती जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांच्या आणि शहरात उपायुक्तांच्या कार्यालयामार्फत कंपनीकडे जाते. तुम्हाला नोटीस नाही, नंतर कळवणं नाही, कुठल्या समितीपुढे आढावा नाही. कंपन्यांना या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्याच लागतात. भाऊ आरोपी आहे, म्हणजे त्याचा सीडीआर निघालेलाच असणार, आणि त्यात तुमचा नंबर येणारच. तुमचा वेगळा काढण्याचीही गरज पडली नसेल.

ही सोय किती ढिली आहे याचं उदाहरण आपल्याच राज्यात घडलं. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी खासगी गुप्तहेरांना सीडीआर विकणारी टोळी पकडली होती. बायकोवर संशय असलेला नवरा, भागीदारावर डोळा ठेवणारा व्यापारी, असले गिऱ्हाईक. कायद्याने पोलिसांसाठी उघडलेलं दार बाजारात भाड्याने मिळत होतं, एवढाच त्याचा अर्थ.

एक मात्र तुमच्या भावाच्या वकिलांना सांगा. टॉवरचं ठिकाण म्हणजे माणसाचं ठिकाण नव्हे. एका टॉवरचे साधारण तीन भाग असतात, प्रत्येक एका दिशेला तोंड करून. गावाकडे टॉवर विरळ असतात, त्यामुळे एकाच टॉवरच्या पट्ट्यात दोन-तीन गावं सहज येतात. 'लोकेशन घटनास्थळी आलं' असं दोषारोपपत्रात लिहिलेलं असतं तेव्हा मी पहिल्यांदा त्या टॉवरचा पत्ता आणि दिशा मागवते. पुष्कळदा आरोपीचं स्वतःचं घरही त्याच पट्ट्यात निघतं.

आता टॅपिंग. तुमच्यापुरतं ते घडलं नसावं, पण तुम्ही हक्काचं विचारलंय, आणि हक्काबद्दल आपल्या न्यायालयांनी सगळ्यात जास्त बोलून ठेवलंय ते याच विषयावर.

१८८५ च्या तार कायद्यातलं कलम ५(२) हे मूळ. इंग्रजांच्या काळातलं. १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फोनवरचं संभाषण हा खासगी आयुष्याचा भाग आहे आणि सरकारला वाटलं म्हणून ते ऐकता येणार नाही. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता, या दोनपैकी एक असलीच पाहिजे. आदेश गृहसचिवांचाच हवा, आणि त्याचा आढावा समितीने घ्यायला हवा. पुढे हे तार नियमांतल्या नियम ४१९-अ मध्ये आलं. आता तार कायद्याच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आहे आणि त्याखालचे फोन ऐकण्याबाबतचे नियम डिसेंबर २०२४ मध्ये आले. सांगाडा तोच राहिला. एका आदेशाची मुदत ६० दिवस, वाढवत वाढवत जास्तीत जास्त १८० दिवस. तातडीच्या वेळी राज्यात पोलीस महानिरीक्षक दर्जाचा अधिकारी आदेश देऊ शकतो, पण सात कामकाजाच्या दिवसांत गृहसचिवांनी तो कायम केला नाही तर ऐकणं थांबवायचं.

वाचायला छान आहे. आता आढावा समितीचं गणित बघा. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ च्या अहवालात लिहिलंय की ही समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि प्रत्येक बैठकीत तिच्यापुढे १५,००० ते १८,००० आदेश असतात. समजा सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत मधल्या सुट्टीशिवाय बसले, तर एका आदेशाला दोन सेकंदही येत नाहीत. आमच्या कोर्टात तारीख द्यायलाही यापेक्षा जास्त वेळ लागतो. शिवाय समितीतले सगळे सरकारचेच सचिव. राज्याच्या समितीचे अध्यक्ष मुख्य सचिव. न्यायाधीश एकही नाही.

तरीही हे नियम पोकळ आहेत असं मी म्हणणार नाही, कारण मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये विनीत कुमार प्रकरणात ते वापरून दाखवले. मुंबईतल्या एका व्यावसायिकावर बँकेच्या अधिकाऱ्याला लाच दिल्याचा आरोप होता, तपास सीबीआयचा. त्याचे फोन ऐकण्याचे २००९ आणि २०१० मधले तीन आदेश न्यायालयाने रद्द केले. लाचेच्या एका प्रकरणात सार्वजनिक सुरक्षितता धोक्यात आली असं दिसत नाही, नियमही पाळले नाहीत, म्हणून रेकॉर्डिंग नष्ट करा, असा आदेश दिला. बुडाशी होता २४ ऑगस्ट २०१७ चा पुट्टस्वामी निकाल. तिथे नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं आणि सरकारला अट घातली: त्यात हात घालायचा तर आधी कायदा हवा, हेतू रास्त हवा, आणि जेवढ्यास तेवढंच हवं.

आता दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही विनीत कुमारची प्रत खिशात घालून पोलीस ठाण्यात जाल. हा प्रश्न मिटलेला नाही. २०२५ च्या जुलैमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने मुंबईच्याच दिशेने निकाल दिला. पण त्याच सुमारास दिल्ली उच्च न्यायालयाने मोठ्या रकमेचा भ्रष्टाचार सार्वजनिक सुरक्षिततेत बसवला. त्याहून जुनी अडचण म्हणजे आर. एम. मलकानी प्रकरण. हे मुंबईचे कोरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी, होते. लाच मागतानाचं त्यांचं फोनवरचं बोलणं समोरच्याच्या संमतीने टेप झालं, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये सांगितलं की पुरावा कसा मिळवला यापेक्षा तो संबंधित आहे का आणि खरा आहे का हे बघायचं. पन्नास वर्षं सरकारी वकील हा निकाल काखोटीला मारून फिरतायत. पुट्टस्वामीनंतर तो किती शिल्लक राहिला यावर भांडण आहे, आणि ते प्रत्येक न्यायालयात पुन्हा पहिल्यापासून भांडावं लागतं. महाराष्ट्रात मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, लागला तर गोष्टच निराळी. त्या कायद्यात फोन ऐकण्याची स्वतंत्र तरतूद आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ती कलमं रद्द केली होती, पण २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा उभी केली.

तेव्हा तुमच्या भावाला कुठली कलमं लावली आहेत यावर बरंच अवलंबून आहे. साधी फसवणूक असेल तर टॅपिंगची फाईल गृहखात्यापर्यंत न्यायची कुणाला हौस नसते. संघटित गुन्हेगारीचं कलम असेल, किंवा रक्कम कोटींत आणि धागे परराज्यात असतील, तर मी एवढ्या ठामपणे 'नाही' म्हणणार नाही.

*#२१# डायल करून कळतं का, असंही तुम्ही विचारलंय. नाही कळत. त्याने तुमचे कॉल दुसरीकडे वळवलेत का एवढंच दिसतं. सरकारी टॅपिंग तुमच्या हँडसेटमध्ये होत नाही, कंपनीच्या यंत्रणेत होतं. फोन गरम होणं, खरखर ऐकू येणं, बॅटरी उतरणं, यांचा त्याच्याशी संबंध नाही. बॅटरी जुनी झाली असेल, बदलून घ्या. पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरची गोष्ट वेगळी, ते हँडसेटमध्येच शिरतं. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २९ फोन तपासले, पाचांत काहीतरी घातक सापडलं, पण ते पेगाससच होतं असं ठामपणे सांगता आलं नाही, आणि केंद्र सरकारने सहकार्य केलं नाही असंही २०२२ मध्ये नोंदलं गेलं. क्लास चालवणाऱ्या माणसावर तेवढा महागडा खर्च कोण करेल?

म्हणजे बघा, ज्या दारावर कायद्याने गृहसचिव, समिती, मुदत असे सगळे पहारेकरी बसवले, त्या दाराने तुमच्याकडे कुणी आलंच नाही. आले ते तुमच्या मोबाईलमधून. आणि त्याबद्दल माझी खरी तक्रार आहे.

व्हॉट्सॲपचा मजकूर कंपनीच्या तारेवरून ऐकून मिळत नाही, म्हणून आजकाल तपासात सगळ्यांना हँडसेट हवा असतो. २०२१ मध्ये हैदराबादेत पोलीस रस्त्यावर तरुणांना थांबवून त्यांच्या चॅटमध्ये 'गांजा' शब्द शोधत होते, त्याचे व्हिडिओ देशभर फिरले. आपल्याकडे ते चौकीच्या टेबलावर, चहा पाजून होतं. "लपवायचं काही नाही ना? मग उघडा की." गावातल्या माणसाला यावर नाही म्हणता येत नाही, हे मी समजू शकते. उद्या त्याच साहेबांकडे चारित्र्य पडताळणीचा दाखला घ्यायला जायचं असतं.

कायदा काय म्हणतो? तुम्ही साक्षीदार असाल तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ खाली लेखी आदेशाने बोलवायचं, तेही आपल्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीत राहणाऱ्यालाच. बाई असेल, वय ६० च्या वर असेल, तर ठाण्यात नाही, घरी येऊन विचारायचं. आरोपी म्हणून बोलवायचं आणि अटक करायची नसेल तर कलम ३५(३) ची नोटीस. ती व्हॉट्सॲपवर पाठवून भागणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत बजावलंय. "जरा येऊन जा" हे कुठल्याच कलमात नाही.

फोन घ्यायचा असेल तर कलम ९४ खाली लेखी मागणी करता येते. नव्या संहितेत संपर्काची उपकरणं त्यात स्पष्ट लिहिली आहेत. जप्त करायचा तर कलम १०६, आणि त्याची खबर लगेच न्यायदंडाधिकाऱ्यांना. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण कलम १०५ ने सक्तीचं केलंय. तेव्हा प्रामाणिकपणे सांगायचं तर तपासी अंमलदारांनी एक पान लिहिलं असतं, दोन पंच बोलावले असते, तर तुमचा फोन घेणं बहुतेक कायदेशीर ठरलं असतं. त्यांना अधिकार नव्हता असं नाही. अधिकार वापरल्याचा कागद त्यांनी केला नाही. आणि कागद नाही म्हणजे नेमकं काय पाहिलं, कशाची प्रत काढली, फोन कुणाकुणाच्या हातात गेला, हे पुढे कुणालाच सिद्ध करता येत नाही. तुम्हालाही आणि त्यांनाही.

हे किती महागात पडतं त्याचा एक किस्सा. माझा एक अशील, आडत दुकानात मुनीम. मंगळवारी त्याचा फोन जप्त झाला. पंचनाम्यात एवढंच लिहिलं होतं: 'काळ्या रंगाचा मोबाईल एक, किंमत अंदाजे रुपये ५,०००, साक्षीदाराने स्वखुशीने हजर केला.' आयएमईआय नाही, सिम काढल्याचा उल्लेख नाही, फोन बंद केला की चालू तेही नाही. गुरुवारी दुपारी त्याची बायको घरी बसून मोबाईल बघत होती, तर नवऱ्याच्या नावाखाली 'ऑनलाइन'. नवरा समोर ओट्यावर चहा पीत बसलेला. बाई हुशार, तिने स्क्रीनशॉट काढून ठेवला. कागदोपत्री तो फोन तेव्हा लाखेच्या सीलमध्ये मुद्देमाल कारकुनाच्या कपाटात होता. पुढे त्याच फोनमधल्या एका मेसेजवर सरकार पक्षाची सगळी मदार होती. उलटतपासणीत मी तपासी अंमलदारांना पहिला प्रश्न विचारला तो त्या गुरुवारचा. तो मेसेज आधीपासून होता की नंतर आला, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकलं नाही. मेसेज खराही असेल. पण त्याचा भरवसा गेला तो गेलाच.

म्हणून हॅश व्हॅल्यू नावाची गोष्ट महत्त्वाची. फोनमधल्या सगळ्या मजकुराचा एक लांबलचक आकडी ठसा काढतात. आत एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा बदलतो. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात तो ठसा लिहावा लागतो. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की असं प्रमाणपत्र नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत चालणार नाही. तेव्हा प्रमाणपत्राचं कलम जुनं होतं, ६५-ब.

पासवर्ड सांगायलाच हवा का? घटनेच्या कलम २०(३) ने आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. पण मुंबई राज्य विरुद्ध काठी काळू ओघड या १९६१ च्या निकालात अकरा न्यायाधीशांनी अंगठ्याचा ठसा हा साक्ष धरला नाही. तो शरीराचा भाग, डोक्यातलं ज्ञान नव्हे. त्याच धाग्याने पाहिलं तर आकडी पिन डोक्यात असतो आणि बोट हाताला. मी अशिलांना फोनला बोटाऐवजी आकड्यांचं कुलूप लावा म्हणते त्याचं एक कारण हे. पण पासवर्डवर सर्वोच्च न्यायालयाचा थेट निकाल नाही आणि खालची न्यायालयं वेगवेगळं बोलतात. शिवाय हे संरक्षण आरोपीचं. तुम्ही साक्षीदार असाल तर तुमची ढाल २०(३) पेक्षा पुट्टस्वामीची आहे. तिथे मी 'जेवढ्यास तेवढंच' यावर बोट ठेवीन. अठरा तारखेचा कॉल आणि त्या आठवड्यातलं भावाशी झालेलं चॅट तपासाला हवं असेल, मान्य. त्यासाठी तुमच्या बायकोचे माहेरच्या लग्नातले फोटो आणि क्लासमधल्या मुलींच्या पालकांचे मेसेज पाऊण तास चाळायची काय गरज होती? जप्तीसाठी मार्गदर्शक तत्त्वं करा असं सर्वोच्च न्यायालयाने पत्रकारांच्या फोनच्या याचिकेत २०२३ मध्येच केंद्राला सांगितलं होतं.

आता करायचं काय. पहिली गोष्ट, फोनमधलं काहीही पुसू नका. घाबरून भावाचं चॅट उडवलंत तर आत्ता नसलेला गुन्हा तयार होईल, पुरावा नष्ट केल्याचा. फोन आहे तसा ठेवा, गरज वाटली तर दुसरा वापरा.

दुसरी, आज रात्रीच वहीत सगळं लिहून काढा. किती वाजता फोन आला, कुठल्या नंबरवरून, टेबलावर कोण होतं, फोन कुणाच्या हातात गेला, परत कधी मिळाला. आठवण महिन्याभरात पातळ होते.

मग ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना साधं पत्र. चढ्या आवाजात नको, 'माझ्या मूलभूत हक्कांची पायमल्ली' वगैरे नको. अमुक तारखेला आपल्या सांगण्यावरून हजर झालो, मोबाईल आपल्या ताब्यात दिला, अमुक तारखेला परत मिळाला. तो कुठल्या कलमाखाली घेतला, स्टेशन डायरीत नोंद असल्यास तिची प्रत, पंचनामा असल्यास त्याची प्रत आणि मजकुराची नक्कल काढली असल्यास तिची हॅश व्हॅल्यू मिळावी. तपासाशी संबंध नसलेला खासगी मजकूर ठेवून घेऊ नये. यापुढे बोलवायचं असल्यास लेखी बोलवावं, मी सहकार्य करीन. शेवटचं वाक्य गाळू नका. एक प्रत आवक शिक्का मारून घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. जुनं रजिस्टर्ड एडी आता त्यातच विलीन झालंय.

त्याच पत्रात, किंवा शेजारी दुसऱ्या अर्जात, त्या दिवसांचं ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण जतन करावं अशी मागणी करा. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितलं, चित्रण १८ महिने ठेवायचं, अगदीच नाइलाज असेल तर किमान वर्षभर. या सगळ्या प्रकरणात तुमच्या बाजूने बघणारा तो एकच कॅमेरा आहे. उशीर केलात तर 'डीव्हीआर बिघडला होता' असं उत्तर येतं. मला दोनदा आलंय.

माहितीच्या अधिकारात 'माझा फोन टॅप होतो का' हे विचारण्यात वेळ घालवू नका. तपासाला अडथळा किंवा राज्याची सुरक्षा या कलमांखाली नकार येईल, आणि दिल्ली उच्च न्यायालयानेही अशी माहिती देता येणार नाही असंच म्हटलंय. टॅपिंग झालं असेल तर ते आरोपीला दोषारोपपत्रातून कळतं, कारण तिथे आदेशाची प्रत लावावी लागते. जो आरोपी झालाच नाही, त्याला आपल्याकडे कधीच कुणी कळवत नाही. हे चूक आहे असं माझं मत, पण आजचा कायदा असाच आहे.

पत्राला उत्तर आलं नाही तर पोलीस अधीक्षकांकडे, मग राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे जाता येतं. उच्च न्यायालयातली याचिका हा खर्चाचा रस्ता. सांगली जिल्हा ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेल्यामुळे मुंबईची खेप तरी वाचेल. पण फक्त चाळलेल्या फोनसाठी मी तुम्हाला आजच तिकडे पाठवणार नाही. तुमचं नाव अजून साक्षीदारांत आहे असं दिसतंय, आणि भावाचा तपास चालू असताना भांडण वाढवलं तर ते नाव दुसऱ्या यादीत जायला वेळ लागत नाही. हे बोलायला कडू आहे, पण फी घेऊनही मी हाच सल्ला दिला असता. पत्र पाठवा, पोच जपून ठेवा, दोषारोपपत्र येईपर्यंत थांबा. त्यात तुमच्या फोनमधलं काही पुरावा म्हणून आलं तर आज केलेला हा कागद तेव्हा कामी येईल.

पुढच्या वेळी लेखी बोलावणं आलं की आधी त्यावरचं कलम बघा, १७९ आहे की ३५(३), आणि जायच्या आधी मला इथेच कळवा. फोन बरोबर न्यायचा की घरी ठेवायचा, हे त्यावरून सांगेन.